कोंड्याची पूड

१४ फेब्रुवारी

वहिनी,

नमस्कार. हॉस्पिटलजवळ खोली मिळाली हे ऐकून बरं वाटलं. इकडे कारखाना ठीक. रोपांच्या कुंड्यांची मोठी ऑर्डर आलीय. आपली कोंड्याची कुंडी रोपासकट पुरली की चार महिन्यांत मातीच होते, हे गिऱ्हाइकांना आता पटलंय. दादाला सांग, खूश होईल.

पत्र कसलं लिहितोय, फोन काय मेला का, असं म्हणशील. फोन दादाच्या उशाशी असतो, म्हणून.

परवा आमचं बोलणं झालं नि फोन तसाच चालू राहिला. तू त्याला म्हणत होतीस, "ओढल्यात ना सिगारेटी? भोगा आता!" तो मुकाट ऐकत होता. अगं, त्याने सिगारेट सोडून अकरा वर्षं झाली.

डॉक्टर काय म्हणाले ते त्याने तुला अर्धंच सांगितलं. फुप्फुसं धुळीने गेलीत. कोंड्याच्या धुळीने.

सुरुवातीला आपल्या कुंड्या हातात घेतल्या की तुटायच्या. मग माझ्या लक्षात आलं, कोंडा दळताना मैद्यासारखी पूड उडते, तीच स्टार्चच्या खळीत मिसळून कुंडी घट्ट धरते. आणि नेमकी तीच एक्झॉस्टचा पंखा बाहेर फेकायचा. मी पंखा बंद ठेवला. कुंड्या अशा टणक झाल्या की विचारू नकोस! मी ऑफिसात बसून शेखी मिरवायचो आणि चक्कीवर दादा, तोंडाला फडकं बांधून. खोकायला लागला तर म्हणायचो, "नाटकं करू नकोस रे, एवढी ऑर्डर पुरी होऊ दे." सहा वर्षं, वहिनी.

मागच्या महिन्यात हॉस्पिटलात आलो ते तुला हेच सांगायला. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. दादाने माझा हात धरला. थांबत थांबत म्हणाला, "तिला सिगारेटच वाटू दे. माझ्यामागे तिला तुझ्याशिवाय आहे कोण? तुझं तोंड बघणार नाही म्हणाली, तर जाईल कुठे?"

मी हो म्हणालो. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. थू माझ्यावर.

पण परवाचं ऐकलं आणि हे पत्र लिहायला बसलो. त्याचे दिवस किती उरलेत, तुला माहीत आहे. तेवढे तरी त्याने माझ्यापायी तुझी बोलणी खाऊ नयेत.

पंखा आता चालू असतो. कुंड्या पुन्हा तुटतात. तुटू देत.

वाचून झालं की आधी त्याच्याजवळ जाऊन बस. माझं काय करायचं ते मागाहून ठरव. फक्त त्याला दिलेला शब्द मी मोडला, हे त्याला सांगू नकोस.

तू म्हणशील तोवर,
तुझा दीर