पाण्याकडे बघणारे पक्षी

माझ्या आईला झैदचा सलाम,

मी खुशाल आहे. पोटभर जेवतो, आणि उन्हात डोक्याला फडकं बांधायला विसरत नाही.

आमच्या छावणीवर दुर्बिणीवाले पाहुणे यंदा बरेच आलेत. वाळवंट ओलांडून उत्तरेकडे निघालेले पक्षी आमच्या विहिरीजवळच्या कुंडावर उतरतात. ते पाहुण्यांना दाखवायचं माझं काम. पाकोळ्या, वेडे राघू, सगळे तहानेने चोची उघड्या टाकून येतात.

पण परवापासून ते पीत नाहीत. काठावर बसून पाण्याकडे बघतात आणि जीपच्या सावलीत जातात. काही तिथून उठतच नाहीत. पाहुणे मात्र खूश, इतक्या जवळून पक्षी कधी बघितले नव्हते म्हणतात.

आमचा आचारी अद्दी म्हणतो, "साखर घातल्याशिवाय पिणार नाहीत लेकाचे." आमच्या चहात तो हल्ली दुप्पट साखर घालतो, पुदिनाही जास्त. तरी जिभेवर काहीतरी राहतंच. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "तू पक्षी दाखव, पाण्याचं मी बघतो." ते स्वतः बाटलीतलं पितात.

आपल्या तुडाचं बाळ रांगायला लागलं का? त्याला वरचं पाणी पाजता का?

काळजी करू नकोस. हेच पाणी जमिनीखालच्या पाटाने आपल्या गावात उतरतं, पण हे पत्र ज्याच्याकडे देतोय त्या मोहाचा ट्रक त्याच्याआधी पोचेल असं वाटतं. पत्र हातात पडलं की टाक्यावर जा आणि थोडा वेळ उभी राहा. चिमण्या पीत असतील, तरच घागर भर.

तुझा,
झैद