साहेब सुधारला!

ती. ताईस,

तुला आणि भाऊजींना वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढाच). तुझा खोकला गेला का?

मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात कळवलं होतं, की माझ्या शिस्तीमुळे आमचा म्हातारा कुत्रा साहेब सुधारला. दुकानात गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर उडी नाही, पोस्टमनवर भुंकणं नाही, जिन्यावरून मला ओढत नेणं नाही. मी छाती फुगवून फिरत होतो. शेजारच्या न्हाव्याने तर त्याचं द्वाड पिल्लू माझ्याकडे शिकवणीला लावलं (ते माझी मापाची टेप खातं).

मग गेल्या महिन्यात जनावरांचे डॉक्टर माझ्याकडे पँट शिवून घ्यायला आले. मी त्यांच्या गुडघ्याचं माप घेतोय आणि ते बघतायत साहेबाच्या गुडघ्यांकडे. उठताना त्याचे मागचे पाय मागाहून आले, थोडा ताठ चालला, मग बसून एकच सांधा चाटत राहिला. डॉक्टर म्हणाले, "सुधारलाय कसला! संधिवात आहे त्याला. दुखतंय."

ताई, माझी मान आखडली तर मी घर डोक्यावर घेतो. आणि हा पठ्ठ्या एवढं सोसून, कुरकुर न करता, मी आलो की शेपटी हलवत दारापर्यंत येत होता! मला रडूच कोसळलं. डॉक्टरांची पँट हातातच होती.

आता औषध चालू आहे (मी माझी मानेची गोळी द्यायला निघालो, तर डॉक्टर खेकसले, "माणसांचं औषध त्याला विष आहे!"). वजन उतरवायचं म्हणून बिस्किटं बंद. फिरणं थोडं थोडं, पण रोज. तो फरशीवरून घसरू नये म्हणून हिने कोटांच्या उरलेल्या कापडाच्या जाड पट्ट्या शिवून घरभर अंथरल्या. हिची खरंच कमाल आहे. काल साहेब पोस्टमनवर भुंकला, तर हिने आनंदाने पोस्टमनला चहा पाजला.

राहिला जिना. तो त्याला सक्त मना आहे आणि आम्ही पडलो दुसऱ्या मजल्यावर. मी त्याला उचलून वरखाली करतो. त्याला ते फार आवडतं, माझ्या कमरेला नाही. एखाद्या दिवशी दोघेही गडगडत खाली जाऊ.

तुझा धाकटा

ता. क. तुझं घर तळमजल्यावर आहे आणि मागची खोली रिकामीच असते. साहेबाला ठेवून घेशील?

दुसरा ता. क. हिच्याशिवाय तो जेवत नाही, म्हणून हीही येईल. आणि मला त्याच्याशिवाय करमणार नाही, हे सरळच लिहितो. शिलाई मशीन टेम्पोत चढवलंय. पत्र आमच्या आधी पोचलं, तर दार उघडं ठेव.