फुगलेली जमीन

प्रिय डारिया,

तुमच्या समुद्राकाठी ट्यूलिप फुलून कोमेजलेही असतील. इथे सास्काचेवनमध्ये मे उजाडला, तरी आपल्या आइस हॉकीच्या रिंकच्या मागे खरवडलेल्या बर्फाचा मळकट ढीग तसाच आहे आणि मी त्याच्याकडे बघत कॉफी पितेय.

तर बातमी अशी, की रिंकची जमीन फुगलीय. इंजिनियरने फरशीला भोक पाडून बघितलं. जुलैतही बर्फ ठेवायचा आपल्या बाबांचा हट्ट आठवतो ना? ‘पंचक्रोशीत उन्हाळ्यात स्केटिंग फक्त आपल्याकडे,’ म्हणत मिशीला पीळ द्यायचे. त्यांच्यामागे गावाने मलाही तेच चालवायला लावलं. जमिनीला ऊब कधी मिळालीच नाही. थंडी खोल उतरत गेली, ओली माती गोठून फुगली आणि तिने मधोमध काँक्रीट उचललं. आता हॉकीची चकती सोडली की आपोआप कोपऱ्याकडे घसरते. आपली पोरं त्या उतारावरच वाढलेली, पाहुण्या संघांची मात्र दाणादाण! म्हणून दुरुस्तीच्या सभेत म्हातारा पेट्रो उठून म्हणाला, “अरे, सपाट करून जिंकणार कसे? तो फुगवटा आपला सगळ्यात चांगला खेळाडू आहे!” सगळे हसले. मीही हसले.

इंजिनियर म्हणाला, नवी फरशी घालायची तर आधी खालची माती वितळू द्या, तीही दमाने. घाई केलीत तर एकीकडे खचेल आणि भिंती तडकतील. तोवर बर्फ नाही. डारिया, ते ऐकून मला इतका आनंद झाला, की लाज वाटली. आई गेल्यापासून तू बोलावतेस आणि मी म्हणते, रिंक कोण बघणार? आता बघायला रिंकच नव्हती. घरी आले आणि माळ्यावरची बॅग काढून झटकली.

पुढच्या सभेत अध्यक्ष ऑर्विल म्हणाला, “खालच्या नळ्यांतून कोमट पाणी खेळवायचं, रोज कमी-जास्त करायचं. डोळ्यात तेल घालून करायचं काम आहे. पण आपली स्टेफ्का आहेच की! ती कुठे जातेय?” टाळ्या पडल्या. माझं नाव घातलेला केकसुद्धा आणला होता. मी तो कापला आणि सगळ्यांचे आभार मानले.

मला इथे राहायचं नाही, डारिया. लिहिलं एकदाचं. तोंडाने मात्र बोलवत नाही. बोलायला जावं, तर कुणीतरी ‘तुझ्या बाबांनी या रिंकसाठी’ अशी सुरुवात करतं आणि परत द्यायला काढलेल्या रिंकच्या किल्ल्या मी पुन्हा खिशात टाकते. माणसं वाईट असती तर कधीच निघाले असते. फोन करू नकोस, फोनवर मी सगळं बरं आहे असंच सांगेन. महिनाअखेरच्या रविवारी हॉलमध्ये पेरोगीचं जेवण आहे, सगळं गाव असेल. तू ये. माझ्याशेजारी बस आणि सगळ्यांदेखत सांग, की स्टेफ्का माझ्याबरोबर चाललीय. मी मान खाली घालीन, कदाचित ‘अगं, नको नको’ही म्हणेन. तू ऐकू नकोस. बॅग भरून दारामागे ठेवलीय.

वाट बघणारी तुझीच,
स्टेफ्का