चिकटकाटीचं पान

प्रिय विश्वजित,

फोन उचलत नाही म्हणून चिडला असशील. चीड. तुझा आवाज ऐकला की मी हो म्हणून मोकळी होते, म्हणून हे पत्र. सकाळपासून लिहितेय आणि फाडतेय. मध्येच उठून गच्चीवर जाऊन येते, कशाला ते पुढे सांगते.

मलकापूरच्या वरच्या माळावरची चिकटकाटी आठवते ना? नाव आपणच ठेवलेलं. तुझी पँट काट्यांत अडकली, सोडवायला गेलास तर बोटं पानांना चिकटली, आणि मी मदत करायची सोडून हसत बसले. पुस्तकात याच जातीच्या झुडपाचं खोड गुळगुळीत, पानं कोरडी. हे काटेरी आणि चिकट. मी म्हटलं, हा वेगळा वाण आहे. तू म्हणालास, माळावर ऊन भाजतं, गुरं तोंड लावतात, म्हणून झाड असं वागतं. चांगल्या मातीत आण, निवळेल. वर म्हणालास, तुझंही तसंच आहे, पुण्यात आलीस की निवळशील. तेव्हाही मी हसले. का हसले कुणास ठाऊक.

मग मी कोल्हापुरात गच्चीवर चिकटकाटीचं आणि साध्या झुडपाचं, दोन्हींचं बी कुंड्यांत लावलं. माती सारखी, पाणी सारखं. फरक टिकला तर वाण खरा. चिकटकाटीला काटे आले, पण नुसत्या काट्यांवर वाण ठरत नाही, आणि पानं तर कोरडी ठणठणीत. रोज बोट लावून बघायची आणि तोंड पाडून खाली यायची. शेवटी विद्यापीठातल्या माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं, वाण नाही. त्याच संध्याकाळी तुला फोन करून म्हटलं, विद्यापीठ सोडते, तू बघून ठेवलेली पुण्यातली नोकरी धरते, दिवाळीनंतर लग्न करू. केवढा खूश झालास! मला मात्र तेव्हापासून अन्न गोड लागेना.

पंधरा दिवसांपूर्वी एकदा नेहमीपेक्षा लवकर गच्चीवर गेले, तर अव्वा साबणाचं पाणी आणि फडकं घेऊन एकेक पान पुसत बसलेली! मुरगूडला मिरचीवर माव्याची कीड पडली की पानं चिकटायची, तेव्हाचा हा तिचा हुकमी इलाज. मी ओरडले तर तीच माझ्यावर चढली, "अगं, चिकटा पडलाय की झाडांवर! तू नुसती हात लावून बघतीस. मी न्हाय पुसलं तर कोण पुसणार?" लेकीची झाडं जगावीत म्हणून बिचारी रोज माझ्याआधी उठत होती. मी तिथेच बसून हसले आणि रडलेही. फडकं आता माझ्या कपाटात आहे.

तिने पुसणं थांबवल्यावर नवी पालवी आली. काल बोट लावलं, सुटता सुटेना. शेजारच्या कुंडीतल्या साध्या झुडपाची पानं तशीच कोरडी. वाण खरा आहे म्हणून सरांना कळवलंय, प्रबंध लिहायला बसतेय. आणि विश्वजित, फोनवरचा तो होकार मी परत घेतेय. नोकरीचा, विद्यापीठ सोडण्याचा. तुझ्यावरचा जीव काही परत घेता येत नाही, येता तर एवढी तळमळ कशाला झाली असती? पण मी निवळेन या आशेवर लग्न करू नकोस. आहे तशी चालणार असेन तर रविवारी ये, माळावर जाऊ. खाली एक पान लावलंय. डिंक वापरलेला नाही.

तुझीच, काट्यांसकट,
शांभवी