कालिओपीबाईंच्या ‘ने’चा खुलासा

बोरीवली (पश्चिम),
गुरुवार, ६ फेब्रुवारी १९८६

तीर्थरूप रुक्मिणीवन्सं यांना वनमालाचा नमस्कार.

तुमच्या घाटकोपरच्या महिला मंडळाने तुमच्या ग्रीस देशाच्या प्रवासानिमित्त येत्या शनिवारी निरोप समारंभ व हळदीकुंकू ठेवले आहे आणि त्याला प्रमुख पाहुणी म्हणून मी येणार आहे, असे छापील निमंत्रण तुमच्या मजल्यावरच्या गुणाजींनी काल मला आणून दिले. म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले. तुम्ही ग्रीसला जाणार नाही आहात.

तुमची प्रकृती ठीक असेल. गुडघ्यांना तेल लावता की नुसतीच बाटली उशाशी ठेवता ते कळवावे. इकडे सर्व क्षेम. तुमच्या बंधूंचा खोकला गेला, आता फक्त खोकण्याची सवय राहिली आहे.

गैरसमज कसा झाला ते सांगते, म्हणजे मंडळातल्या बायकांना तुम्हाला नीट सांगता येईल. माझ्या बहिणीचा दत्ताराम अथेन्सजवळच्या पिरेउस बंदरात एका जहाज कंपनीच्या कचेरीत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. (त्याच्या मुंजीत तुम्ही श्रीखंडाला नावे ठेवली होती, तोच.) त्याच्या कंपनीने नातेवाइकांसाठी म्हणून विमानाची सोय केली, ती दोघांपुरती. मार्चमध्ये एक आठवडा. थोडे दिवस अथेन्स, उरलेले दिवस बेटे. मी कांदिवलीच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत इतिहास शिकवला. फळ्यावर ग्रीसचा नकाशा काढताना मी दर वर्षी समुद्रात खडूचे ठिपके देत असे आणि मुलींना सांगत असे की ही बेटे. ती तिथे खरोखरच आहेत का, एवढे मला एकदा पाहायचे आहे. बाकी मला परदेशाची हौस नाही.

तर, दत्तारामला फोन करायचा म्हणून आम्ही शेजारी रतनबेनकडे गेलो. दत्ताराम कामावर गेला होता. फोन त्याच्या घरमालकिणीने घेतला. कालिओपी असे या बाईंचे नाव आहे. मी पुढे होऊन इंग्रजीत बोलणार, तोवर तुमच्या बंधूंनी रिसीव्हर हातात घेतला आणि मराठीत सुरुवात केली. मोठ्याने बोलले की मराठी कोणालाही कळते, असा त्यांचा अनुभव आहे. (हा अनुभव त्यांना नोकरीत आला. तिथे सगळ्यांना मराठी येत होती.)

“आम्ही दोघं येतोय बरं का!” असे ते ओरडले. रतनबेनचा कुत्रा पलंगाखाली गेला. पलीकडून आवाज आला, “ने, ने.” यांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले. “कोकमं घेऊ बरोबर?” “ने!” “सुके बांगडे?” “ने, ने, ने!” मग यांना भरून आले आणि ते म्हणाले, “घाटकोपरला आमची आक्का असते हो, तिला पण नेऊ का?” त्यावर कालिओपीबाई इतक्या वेळा ‘ने’ म्हणाल्या की रतनबेनच्या डोळ्यांत पाणी आले. “केटली सारी बाई छे!”, किती चांगली बाई आहे, असे त्या मला म्हणाल्या.

मला तिथेच संशय आला होता. ती बाई तिकडे बसलेली आहे. तिला मराठी येत असती तर ती ‘आण’ म्हणाली असती, ‘ने’ नव्हे. हे मी जिन्यातच बोलून दाखवले. त्यावर तुमचे बंधू म्हणाले, “ती बिचारी एवढ्या लांबून मराठी बोलतेय आणि तू तिचं क्रियापद कसलं तपासतेस?” आणि त्याच संध्याकाळी ते घाटकोपरला येऊन तुम्हाला सांगून गेले. पुढचे तुम्ही मंडळाला सांगितलेत. त्यात कालिओपीबाई मूळच्या मालवणच्या असाव्यात हा भाग तुम्ही कुठून आणलात, ते मी विचारत नाही.

मी दत्तारामला पत्र घालून सरळ प्रश्न विचारला. त्याचे उत्तर मागच्या शनिवारी आले. कालिओपीबाईंना मराठीचे अक्षर येत नाही. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’. परका माणूस फोनवर तळमळून काही विचारतो आहे, तर त्याला नाही कशाला म्हणा, या सद्भावनेने त्या सगळ्याला ‘हो’ म्हणत होत्या. त्यापुढचे अधिक वाईट आहे. ग्रीक लोक ‘नाही’ला ‘ओही’ म्हणतात. फोनच्या शेवटी बाईंनी समुद्राकडची खोली देऊ का, असे आपल्या भाषेत विचारले आणि तुमचे बंधू “हो हो, हो हो” म्हणत राहिले. हे बाईंना ‘ओही, ओही’ असे ऐकू आले. पाहुण्यांना समुद्र मुळीच नको, असे समजून त्यांनी ती खोली एका नॉर्वेच्या जोडप्याला दिली. आम्हाला मागची मिळाली आहे. तिच्या खिडकीतून शेजारच्या बेकरीची भिंत दिसते. मात्र आपण कशाला तरी ‘हो’ म्हटले आहे, एवढे बाईंना नक्की ठाऊक असल्याने, आणि ते काय असेल याचा अंदाज येत नसल्याने, त्यांनी त्या खोलीत एक जादा खाट टाकून ठेवली आहे.

म्हणजे चुकीच्या मार्गाने का होईना, तुम्हाला बोलावणे आहे, असा युक्तिवाद तुम्ही कराल. मी तो आधीच विचारात घेतला आहे. खाटा तीन असल्या तरी तिकिटे दोन आहेत. (यांना मी हा खुलासा अजून केलेला नाही. आज दुपारी जेवणानंतर करीन. उपाशीपोटी त्यांना भाषेविषयी काही सांगू नये.)

शिवाय हा प्रवास तुम्हाला झेपणारा नाही. एजिना, पोरोस आणि हायड्रा अशी तीन बेटे करायची आहेत. हायड्रा बेटावर मोटारी नाहीत, गाढवे आहेत. तुम्ही रिक्षातही पुढे ड्रायव्हरशी बोलत बसता. गाढवाच्या बाबतीत ती सोय नाही. बाजारात भाव करायची तुमची पद्धत तिथे चालेल असे वाटत नाही. प्रत्येक बेटावर बोटीतून चढ-उतार आहे. त्याचा सराव म्हणून मागच्या रविवारी आम्ही दोघे इथल्या गोराईच्या धक्क्यावर गेलो होतो. पलीकडे गोराई गावात जाऊन परत यायचे, एवढाच बेत होता. ओहोटीमुळे तो पूर्ण होऊ शकला नाही. असो.

तेव्हा मंडळाला योग्य शब्दांत कळवावे. हळदीकुंकू करण्यास हरकत नाही, रथसप्तमीपर्यंत ते चालतेच. मंडळाच्या दारावर तुमच्या ग्रीस प्रवासाचा जो फलक लावला आहे असे गुणाजी म्हणाले, तो मात्र उतरवावा.

कळावे, लोभ आहेच.

तुमची
वनमाला

ता. क. वरील मजकूर सकाळी लिहिला. दुपारी यांना दत्तारामचे पत्र वाचून दाखवले. त्यांनी बडीशेप तोंडात टाकली. मग म्हणाले, “म्हणजे त्या बाईला मराठी येत नाही?” मी नाही म्हटले. “मग मी तिथे बोलू कोणाशी?” मी म्हटले, माझ्याशी. त्यावर ते म्हणाले, “ते मी बोरीवलीतही बोलू शकतो.” ते येत नाहीत. मी समजूत घातली नाही. लिहिलेली पाने फाडायची माझी पद्धत नाही, म्हणून पत्र आहे तसे पाठवते.

ता. क. दुसरा. ओहोटी नव्हती. भरती होती आणि होडी धक्क्याला लागलेली होती. हे आत जाऊन बसले. मी पाऊल उचलले, आणि धक्का आणि होडी यांच्यामध्ये जे पाणी हलत होते त्याच्याकडे पाहिले, आणि पाऊल होते तिथे ठेवले. मागच्या कोळणी “ओ बाई, चला की, का आमंत्रण देऊ?” म्हणाल्या आणि मला वळसा घालून चढल्या. होडी गेली. हे पलीकडे जाऊन, वालाच्या शेंगा घेऊन परत आले तेव्हा मी तिथेच उभी होते. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. शेंगा चांगल्या होत्या. पण तिथेही असेच होणार, हे मला त्याच वेळी दिसले: नवरा बेटावर आणि मी धक्क्यावर. तेवढ्यासाठी मी समुद्र ओलांडणार नाही. फळ्यावरचे ठिपके मला धक्क्यावरून पाहायचे नाहीत.

लग्नानंतर पहिल्यांदा देवगडला जाताना आगबोटीतून पडावात, म्हणजे किनाऱ्याला नेणाऱ्या होडीत, उतरायची वेळ आली तेव्हा तुम्ही माझ्या मागे होतात. “गो, दर्या काय तुका गिळता?” असे म्हणून तुम्ही मला पाठीत हात घालून ढकलले होते. त्यानंतर गौरी-गणपतीपर्यंत मी तुमच्याशी बोलले नव्हते. ग्रीसमध्ये प्रत्येक बेटावर तुम्ही तेच करावे, अशी माझी इच्छा आहे. मी काहीही म्हणाले तरी ढकलावे. मागच्या वेळेपेक्षा जरा जोरात, कारण माझे वजन वाढले आहे. मस्कतला नातवाच्या बारशासाठी काढलेला तुमचा पासपोर्ट अजून चालू आहे, हे मी तुमच्या सुनेकडून खात्री करून घेतले आहे. तिकिटावरचे नाव बदलण्याविषयी दत्तारामला लिहिले आहे. शनिवारी समारंभाला येते. भाषण लहान करीन. फलक राहू द्यावा.

गुणाजींच्या हाती पोचते केले: हे पत्र, आवळासुपारीची डबी एक (बोट लागल्यास), बंधूंचा लोकरी कोट एक, बाह्या तुमच्या मापाने आखूड केलेला. माप आमच्याकडे राहून गेलेल्या तुमच्या ब्लाउजवरून घेतले आहे. शिंप्याकडे कोट सोमवारीच, गोराईच्या दुसऱ्या दिवशी, टाकला होता.