सोड्यात उकळलेले गोठ

प्रिय वहिनी,

माझं अक्षर ओळखून हा कागद तू लगेच घडी घालून बाजूला ठेवशील, आणि तसं केलंस तर तुला बोल लावायला मला तोंड नाही. तरी एवढं वाच. नऊ वर्षांत आपण एकमेकींशी ‘हं’ आणि ‘बरं’ यापलीकडे बोललेलो नाही. भावाच्या ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात एका बाकावर तू आणि समोरच्या बाकावर मी, चार तास बसून होतो. चहासुद्धा दोघींनी आपापल्या थर्मासमधला प्यायला. मी तुला चोर म्हटलं होतं. शब्द वेगळे होते, पण अर्थ तोच होता, आणि ते मी चारचौघांत बोलले होते. त्याबद्दलच लिहिते आहे. सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा थोडा धीर धर.

तू माझ्या पाठीमागे मला ‘सफाई खातं’ म्हणायचीस. मला ते कळलं होतं आणि खरं सांगू, मनातून आवडायचंही. रुग्णालयाच्या धुलाई विभागात अठ्ठावीस वर्षं काढली मी. वाफेने भिंतींचे पोपडे निघालेले, सोड्याने बोटांची सालं गेलेली, आणि समोर चादरींचे ढीग. तिथे आम्हाला एकच शिकवण होती : शंका आली की उकळा. रक्त असो, औषध असो, काहीही असो, सोडा टाका आणि उकळा. नोकरी सुटली तरी ती सवय सुटली नाही. तुझ्या मुलीचा पहिलावहिला खुळखुळा मी जंतू मरावेत म्हणून उकळला होता आणि त्याचा नुसता गोळा झाला होता, आठवतंय? तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. त्यानंतर मीच शहाणी व्हायला हवं होतं.

आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तिचं सगळं तू केलंस. मी रविवारी यायचे, पलंगाखाली बोट फिरवून धूळ बघायचे आणि संध्याकाळच्या बसने परत जायचे. तिच्या हातातले ते दोन जाड सोन्याचे गोठ तूच काढायचीस, तूच घालायचीस. कोरडं मऊ फडकं घेऊन तू ते पुसत बसलेली मी किती वेळा पाहिलं असेल. मला वाटायचं, ही वरवरची पुसापुशी आहे, आळस आहे नुसता. आईने जाताना सांगून ठेवलं होतं की एक गोठ लेकीला आणि एक सुनेला. मी म्हटलं, दोन्ही दे माझ्याकडे, लख्ख करून आणते. तू काढून दिलेस. ‘जपून हं वन्सं,’ एवढंच म्हणालीस.

घरी येऊन मी स्टीलचं पातेलं घेतलं, त्यात पाणी, वर दोन मुठी सोडा, आणि गोठ टाकून गॅस मोठा केला. दहा मिनिटांत पाणी तांबूस झालं, मग चहासारखं तपकिरी. तळाशी चिकट काळपट गुठळ्या जमल्या. वहिनी, मला त्या वेळी काय आनंद झाला म्हणून सांगू! मी ह्यांना हाक मारून स्वयंपाकघरात आणलं आणि पातेलं दाखवलं. म्हटलं, बघा, आमच्या वहिनीबाईंनी किती वर्षांचा मळ साठवून ठेवलाय. हे बिचारे ‘अरे बापरे’ म्हणाले आणि पेपर वाचायला परत गेले. मी ते पाणी मोरीत ओतून दिलं, गुठळ्या घासून काढल्या, मोरीसुद्धा धुतली.

मग एका गोठाची फिरकी ढिली वाटली म्हणून दोन्ही घेऊन मी बाजारातल्या मोठ्या सराफी दुकानात गेले. काउंटरवरच्या बाईंनी ते काट्यावर ठेवले. माझ्याकडे आईची जुनी पावती होती. पावतीवरच्या वजनात आणि काट्यावरच्या वजनात चौथ्या हिश्शाहून जास्त फरक निघाला. बोटाने दाबलं तर गोठाचा पत्रा आत जात होता. त्याच वर्षी भावाचं दुकान बंद पडलं होतं. दोन आणि दोन चार मला लगेच करता आले, कारण मला ते करायचेच होते.

पुढच्या रविवारी तुम्ही माझ्याकडे जेवायला आलात. मावशीही होती. ताटं व्हायच्या आधीच मी पावती टेबलावर ठेवली आणि विचारलं, ह्यातलं सोनं गेलं कुठे? तू आधी भावाकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. म्हणालीस, ‘वन्सं, आईंनी मला सांगितलं होतं की ह्या गोठांना पाणी लावायचं नाही, कोरड्या फडक्याने पुसायचं. मी तेवढंच केलं. बाकी मला काही माहीत नाही.’ मी म्हटलं, न धुण्याला कारण बरं शोधलंस. उत्तर तू तेव्हाच दिलं होतंस गं, माझ्या तोंडावर दिलं होतंस. पण ऐकायला कान लागतात आणि माझे तेव्हा बंद होते. ‘दोन्ही तुमच्याकडेच राहू देत,’ असं म्हणून तू उठलीस, चप्पल पायात सरकवलीस आणि जिना उतरून गेलीस. भाऊ जरा वेळ रिकाम्या ताटाकडे बघत बसला आणि मग तुझ्यामागे गेला. भाजी तशीच उरली. दुसऱ्या दिवशी आम्ही ती संपवली.

आता सहा महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझ्या सासूबाईंची मोठ्या मण्यांची सोन्याची माळ कपाटातून काढली. त्यांच्या माघारी ती कोणी गळ्यात घातलेलीच नाही. मलमलीत गुंडाळून, डबीत घालून, कुलपात ठेवलेली होती. म्हटलं, एकदा उजळून घ्यावी. तेच पातेलं, तोच सोडा. आणि वहिनी, पाणी तांबूस झालं, मग तपकिरी. मी गॅसपाशी उभी होते. कुलपात ठेवलेल्या माळेला मळ कुठून येणार? गॅस बंद केला, चमच्याने तळातली एक गुठळी काढली. ती आधी बोटाला चिकटली आणि गार झाल्यावर टणक झाली. मी तशीच आत जाऊन आईचे गोठ काढले आणि कानाशी धरून हलवले. आत काहीतरी वाजलं.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे सोनार बसतात. दुकान म्हणजे एक खिडकी, एक दिवा आणि ते. त्यांनी गोठ डोळ्याजवळ नेले आणि विचारलं, ‘ताई, उकळलेत का हे?’ मग समजावून सांगितलं की हे वरून सोन्याचे असतात, आत पोकळ असतात, आणि ती पोकळी लाखेने भरलेली असते, दागिना चेपू नये म्हणून. गरम पाण्यात लाख सुटते आणि सोड्यात तर विरघळतेच. मी पावती पुढे केली. त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘वजन लाखेसह’. नऊ वर्षं ती पावती माझ्याकडे होती आणि मी तिच्यातला फक्त आकडा वाचला होता. ‘सोनं रतीभरही कमी झालेलं नाही,’ ते म्हणाले. ‘गेली ती लाख.’ म्हणजे तुझ्या नावाने मी ज्याला मळ म्हटलं, ते आईच्या गोठांचं पोट होतं, आणि ते मी माझ्या हाताने मोरीत ओतलं.

त्यांच्याकडून मी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी सोनं धुवायला शिकले. भरीव दागिना असेल तर वाटीत कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, दहा-पंधरा मिनिटं भिजवायचं, लहान मुलांच्या मऊ ब्रशने हलकेच घासायचं आणि दुसऱ्या वाटीत खळबळायचं. नळाखाली कधी नाही, फिरकी गेली तर गेलीच. टूथपेस्ट नको, चरे पडतात. मोती असतील तर भिजवायचं नाही, नुसतं ओलसर कापड. आणि लाख भरलेला असेल तर कोरडं मऊ फडकं, बस्स. तू करायचीस तसं. त्यांनी गोठ पुन्हा भरून दिले आहेत. दोन्ही ह्या पत्राबरोबर पाठवते आहे. माझ्या वाटणीचाही तूच ठेव, मला तो हातात घालवत नाही.

सहा महिने गप्प का बसले, असं तू विचारशील. विचारायलाच हवंस. आधी वाटलं, जुनं आहे, कशाला उकरायचं. मग वाटलं, तू ते केव्हाच विसरली असशील. ही सगळी सोंगं होती. खरं एवढंच की मला लाज वाटत होती, आणि जन्मभर दुसऱ्यांच्या घरातली धूळ दाखवणाऱ्या बाईला आपली चूक दाखवायची सवय नव्हती. शिवाय मी मनाशी म्हणायचे, तिच्या बाजूला तिचा नवरा आहे, तिचं काय अडलंय?

परवा रविवारी भाऊ आला होता. मी कसाबसा धीर करून गोठांचा विषय काढला, तर माझं पहिलं वाक्य संपायच्या आधीच तो म्हणाला, ‘ताई, सोड आता ते. तेव्हा घरात ओढाताण होती, काढलं असेल तिने थोडं सोनं. मी तर तिला तेव्हाच माफ करून टाकलं. आजवर एका शब्दाने विचारलं नाही.’ किती मोठेपणाने म्हणाला तो! चहा पिऊन निघूनही गेला आणि माझं सांगायचं तसंच राहिलं. माझ्या बोलण्याचा डाग माझ्या घरापुरताच आहे असं मी समजत होते. तुझ्याच घरात, तुझ्याच हातचं जेवणारा माणूस नऊ वर्षं तुला न केलेल्या गुन्ह्याची माफी देऊन बसलाय, आणि ती तुला त्याच्या गप्प बसण्यात रोज दिसत असणार. त्याच रात्री मी हे लिहायला घेतलं. मावशीला फोन करून सगळं सांगितलं, ह्यांनाही सांगितलं. भावाला मात्र बोलावून घेतलंय. उद्या तो माझ्यासमोर बसून हे पत्र पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचेल, आणि मगच ते तुला आणून देईल. म्हणून पाकीट चिकटवलेलं नाही. मला माफ करायचं की नाही ते तू सावकाश ठरव, नाही केलंस तरी मी समजेन. पण हे वाचून होईपर्यंत तो तुझ्यासमोर उभा असेल. त्याला लगेच बस म्हणू नकोस.

तुझीच,
वन्सं