व्हिसाच्या अर्जात दोन बायका

मंगळवार संध्याकाळ, भद्रावती

लेकीचे, शुभदाचे, ऑस्ट्रेलियाला नवऱ्याकडे जायचे व्हिसाचे कागद बघून वकील म्हणाले, पासपोर्टवर शुभदा, लग्नाच्या दाखल्यावर सानिका. तिथले अधिकारी विचारतील, बायको नेमकी कोण? अर्ज नाकारला, तर तो नकार कायमचा नोंदीत राहील. पोरीचा संसार सुरू होण्याआधीच अडकेल.

लग्नात सिंदेवाहीच्या विहीणबाईंनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'सानिका' लिहवलं आणि दाखल्यावरही तेच घातलं. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर मांजरीचंसुद्धा नाव असं बदलत नसत! आज फोनवर विहीणबाई म्हणतात, "काऊन घाबरता बाई? नाव बदललं, पोरगी तर तीच हाये नं!"

तेच तर सिद्ध करायचंय.

दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र उद्या करू. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी जावयालाच फोन करून बायकोचं नाव विचारलं तर? तो कायम सानिकाच म्हणतो. म्हणून आत्ता मीच त्याला फोन केला. बजावलं, आजपासून शुभदाच म्हणायचं, झोपेतसुद्धा.

"हो आई," तो म्हणाला. "तुम्ही टेन्शन नका घेऊ. सानिकाले सांगतो मी."